दोरी ओढून सुरू होणारी इंजिनं

२६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे, चामटोलीजवळ उभी राहिली ती पुढे सरकलीच नाही. उल्हास नदी रुळांवर आली होती. उजाडलं तेव्हा गाडीच्या दोन्ही बाजूंना नुसतं गढूळ पाणी, आणि आत सुमारे १,०५० माणसं. त्यांत नऊ गरोदर बायका. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, लष्कर, हेलिकॉप्टरं आली. आसपासच्या गावांतली माणसंही पाण्यात उतरली. दुपारपर्यंत सगळे प्रवासी सुखरूप बाहेर निघाले. बदलापूरकर हा दिवस विसरणार नाहीत. बरोबर चौदा वर्षांपूर्वी, २६ जुलै २००५ ला, याच नदीने आम्हाला दुसऱ्या मजल्यावर चढवलं होतं, ती आठवण ताजी होतीच.

त्या दिवसाच्या चित्रफिती मी अजून अधूनमधून पाहतो. रबरी बोट, तिच्यात नारिंगी जॅकेटं घातलेली माणसं, आणि मागच्या फळीवर अडकवलेलं एक इंजिन. दलातली मुलं त्याला ‘ओबीएम’ म्हणतात. बोटीच्या बाहेर लावायचं म्हणून आउटबोर्ड मोटर. दोरी ओढायची, घरघर सुरू झाली की मूठ पिळायची, आणि खाली पंखा फिरायला लागतो. पेट्रोलवर चालतं. सुटं करून दोन माणसांना टेम्पोत टाकता येतं.

दुकानाच्या पायरीवर ठेवलेला छोटा जनरेटर, सोसायटीच्या माळ्याच्या खांद्यावरचा ग्रास कटर, पडलेलं झाड कापायला अग्निशमन दल आणतं ती साखळी-करवत, फवारणीचा पंप, नदीकाठच्या भाजीच्या वाफ्यांना पाणी देणारा पंप, ही सगळी याच घराण्यातली. छोटी, पेट्रोलवरची, दोरी ओढून सुरू होणारी. धुराचे नियम जगभर कडक होत चाललेत, आपल्याकडेही होत आहेत. त्यात या इंजिनांचं आणि त्यांच्यावर पोट किंवा जीव अवलंबून असलेल्या माणसांचं काय होतं, ते या लेखात पाहायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. नियम कडक झाले हे चांगलंच झालं, आणखीही व्हायला हवेत. पण आपला नियम इंजिनाकडे ते कारखान्यातून बाहेर पडतं त्या दिवशी पाहतो. ते नंतर किती तास चालतं आणि ते कोण दुरुस्त करतं, याकडे तो पाहत नाही.

आधी धुराचं मूळ समजून घेऊ. टू-स्ट्रोक इंजिनात झडपा नसतात. पिस्टन खाली येतो तेव्हा जळालेला वायू बाहेर जायचं दार आणि नवं पेट्रोल-हवेचं मिश्रण आत यायचं दार एकाच वेळी उघडं असतं. नवं मिश्रण जुन्या वायूला ढकलत आत शिरतं आणि त्यातलं थोडं न जळताच त्याच्यामागून बाहेर निघून जातं. जुन्या कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये असं वाया जाणारं पेट्रोल पाव हिश्शापर्यंत, कधी त्याहूनही जास्त असतं. शिवाय त्यात वंगणाचं तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं असतं, तेही अर्धवट जळतं. निळसर धूर आणि तो ओळखीचा वास दोन्ही त्यातूनच येतात. मग हे इंजिन टिकलं कशामुळे? ते हलकं असतं, भाग कमी असतात, आडवं-उभं कसंही धरलं तरी चालतं, आणि त्याच वजनाच्या फोर-स्ट्रोकपेक्षा जास्त ताकद देतं. झाडावर चढून फांदी कापणाऱ्याला आणि पुरात बोट लोटणाऱ्याला नेमकं हेच लागतं.

रस्त्यावर मात्र टू-स्ट्रोकचा निकाल लागून गेला. माझ्या पिढीने पहिलं इंजिन हाताळलं ते लुना मोपेडचं. १९७२ ला आलेली, पन्नास सीसीची, पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी नेता येणारी. मग आरएक्स १००, जिच्या आवाजासाठी आजही लोक जुन्या गाड्या शोधत फिरतात. वाहनांच्या धुरावर देशभर मर्यादा आल्या त्या १९९१ पासून. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागलं आणि सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवणं शक्य झालं, कारण शिशाने तो निकामी होतो. त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयात ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’च्या याचिकेवरून लाल समिती नेमली गेली. तिथून मुंबई परिसरातल्या जुन्या टॅक्सी-रिक्षा सीएनजीकडे वळण्याची सुरुवात झाली. आमच्या स्टेशनबाहेरची रांग आज गॅसवर चालते, तिचं मूळ त्या धुराने खोकणाऱ्या मुंबईकरांच्या अर्जात आहे. नागरिकांनी नेटाने लढलेल्या लढ्यांची आठवण आपण पुरेशी ठेवत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

पुढच्या पायऱ्या भराभर आल्या. २९ मार्च २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने बीएस-३, म्हणजे धुराच्या ‘भारत स्टेज’ नियमांच्या तिसऱ्या पायरीच्या, गाड्यांची विक्री १ एप्रिलपासून बंद केली. त्या दोन दिवसांत शोरूमबाहेर लागलेल्या रांगा आठवत असतील. १ एप्रिल २०२० ला देश बीएस-४ वरून थेट बीएस-६ वर गेला. दुचाकीच्या बाबतीत याचा अर्थ आकड्यांत सांगतो. बीएस-३ मध्ये न जळालेला हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड मिळून किलोमीटरला १ ग्रॅमपर्यंत चालत होते. बीएस-६ मध्ये हायड्रोकार्बन ०.१ आणि नायट्रोजन ऑक्साइड ०.०६, म्हणजे दोन्ही मिळून ०.१६. दहा वर्षांत सहावा हिस्सा. इंधनही सुधारलं. गंधकाचं प्रमाण दशलक्षात ५० भागांवरून १० वर आलं. कार्बोरेटर गेला, त्याच्या जागी इंजेक्शन आलं, ऑक्सिजन सेन्सर आला, टाकीतून उडणारी वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबाही आला. हे सगळं होऊनही लोकांनी गाड्या घेणं थांबवलं नाही. नियम कडक केला की उद्योग बुडतो, ही ओरड निदान दुचाकीने तरी खोटी ठरवली. तिचं इंधन आणि तिची यंत्रणा एकत्र सुधारली म्हणून हे जमलं.

या सुधारणेची दुसरी बाजू मी पाहिली ती बदलापुरातल्याच कात्रपच्या एका गॅरेजमध्ये. आमच्या ओळखीच्या एका दुकानदाराचा जुना जनरेटर पावसाळ्याच्या तोंडावर सुरू होईना, म्हणून मी सोबत गेलो होतो. मेकॅनिक काका साठीच्या पुढचे. त्यांनी टाकीचं झाकण उघडलं, नुसता वास घेतला आणि म्हणाले, “साहेब, पेट्रोल शिळं झालंय.” मग कार्बोरेटर सोडवला. खालच्या वाटीत हिरवट-पिवळा राळेसारखा थर बसलेला. त्यांनी जेट काढून उजेडात धरलं. पितळेचा छोटासा तुकडा, मधे एक मिलिमीटरही नसेल एवढं भोक. शेजारचा शिकाऊ पोरगा तार घेऊन पुढे आला, तसा काकांनी त्याचा हात धरला. “तार घालायची नाही. भोक मोठं होतं. मग आयुष्यभर काळा धूर.” त्यांनी जेट भिजत घातलं, हवा मारली, पुन्हा उजेडात धरलं. प्लग काढून दाखवला तो काजळीने काळाभोर होता. “हा बिस्किटाच्या रंगाचा दिसला पाहिजे, म्हणजे मिश्रण बरोबर.”

मी ते जेट हातात घेऊन बराच वेळ पाहत होतो. पुण्याला वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे, १९६६ पासूनची. देशातली कितीतरी इंजिनं तिथे तपासली जातात आणि मान्यतेची पाटी लागून बाजारात येतात. तिथे ज्या भोकाच्या मापावर धुराचा आकडा ठरला, ते भोक कात्रपमध्ये एका तारेच्या टोकाने मोठं होऊ शकतं, आणि मग त्या पाटीला काही अर्थ उरत नाही. तो पोरगा वाईट हेतूने तार घालणार नव्हता. त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं, एवढंच. काकांना मी बीएस-६ गाड्यांबद्दल विचारलं. ते म्हणाले, चेक लाइट लागला की स्कॅनर लावावा लागतो, आणि प्रत्येक कंपनीच्या गाडीला चालेल असा स्कॅनर त्यांना परवडत नाही. गिऱ्हाईक मग शोरूमकडे जातं. तीस-चाळीस वर्षं कानाने इंजिन ओळखणाऱ्या माणसाच्या हातातलं काम असं हळूहळू निसटतंय. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात असे किती हात असतील! उल्हासनगर तर फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत आलेल्या निर्वासितांनी हाताच्या कसबावर उभं केलेलं शहर. कुठलाही बंद पडलेला जिन्नस तिथे चालू होतो अशी त्याची ख्याती. धुराचा नियम लिहिणाऱ्यांनी या कसबी माणसांना आपल्या बाजूला घेतलं असतं, तर प्रत्येक गल्लीत एक तपासनीस फुकट मिळाला असता.

आता जनरेटर. २००५ च्या आसपास सुरू झालेलं भारनियमन ज्यांनी इथे काढलं, त्यांना संध्याकाळच्या बाजारपेठेचा आवाज वेगळा सांगायला नको. प्रत्येक दुकानासमोर साखळीने बांधलेला डबा, त्यातून निघणारा पेट्रोल-केरोसीनचा धूर, आणि दोन दुकानदारांचं ओरडून ओरडून बोलणं. पेट्रोलवर सुरू करून केरोसीनवर चालवायची सोय त्यांत असे, कारण केरोसीन स्वस्त पडे. शटर अर्धं खाली ओढून आतच जनरेटर चालवणारेही होते. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. बंद खोलीत तो झोपेतच माणूस मारतो. हे आजही प्रत्येकाला माहीत असायला हवं. जनरेटर कितीही नवा, कितीही मान्यताप्राप्त असो, तो बाहेरच, खिडकी-दारापासून लांब ठेवायचा.

केंद्र सरकारने अशा लहान जनरेटरच्या आवाजावर २००० साली मर्यादा घातली, २००२ मध्ये डिझेल जनरेटरच्या धुराचे नियम आले, २०१३ मध्ये पेट्रोल आणि डिझेल दोन्ही जनरेटरचे नियम आणखी घट्ट केले. सर्वांत मोठी उडी ३ नोव्हेंबर २०२२ च्या अधिसूचनेने घेतली. व्यवहारात तिला ‘सीपीसीबी फोर प्लस’ म्हणतात, आणि ती १ जुलै २०२३ पासून लागू झाली. बदलापुरात गेल्या पंधरा वर्षांत जे टॉवर उभे राहिले त्यांच्या लिफ्ट आणि पाण्याचे पंप याच जनरेटरवर टिकून असतात. २०११ च्या जनगणनेत १ लाख ७४ हजार वस्तीचं हे गाव तेव्हापासून किती फुगलं ते स्टेशनवर सकाळी सातला उभं राहिलं की कळतं. त्यामुळे या नियमाची झळ कुणाला बसते हे सोसायटीच्या सभेत कळतं. नवा जनरेटर महाग. मोठ्या क्षमतेच्या इंजिनात इंजेक्शनचा कारभार इलेक्ट्रॉनिक, धुरात युरियाचं द्रावण फवारणारी यंत्रणा, ते द्रावण वेळेवर भरायचं, नाहीतर इंजिन स्वतःहून ताकद कमी करतं. आमच्या वॉचमनला पूर्वी डिझेल आणि बॅटरीचं पाणी एवढंच पाहावं लागे.

पण या नियमाच्या तक्त्यात मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. १९ किलोवॅटच्या वर आणि ५६ किलोवॅटपर्यंतच्या डिझेल इंजिनांना धूलिकणांची मर्यादा किलोवॅट-तासाला ०.३० ग्रॅमवरून ०.०३ वर आणली, म्हणजे दहावा हिस्सा. त्याहून मोठ्यांपैकी बहुतेकांना ०.०२. आणि १९ किलोवॅटच्या खालच्यांना? ०.३०. होती तिथेच ठेवली. याचं कारण समजण्यासारखं आहे. छोट्या इंजिनावर धुराची महागडी गाळणी बसवली तर तिची किंमत इंजिनाच्या किमतीला भिडते. पण छोटं इंजिन दुकानाच्या पायरीवर, चायनीजच्या गाडीशेजारी, लग्नाच्या मांडवामागे असतं, माणसाच्या नाकाच्या उंचीवर. मोठ्याची चिमणी निदान वर तरी काढलेली असते. जे माणसाच्या सर्वांत जवळ चालतं त्यालाच सर्वांत जास्त सूट मिळाली, असा हा हिशोब झाला. तो बदलायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आपल्या बाजारपेठेतला छोट्या जनरेटरचा धूर खरा कमी केला तो नियमापेक्षा विजेने. डिसेंबर २०१२ पासून राज्याच्या बहुतेक भागांतलं भारनियमन मागे घेतलं गेलं, घरोघर इन्व्हर्टर आले, आणि साखळीने बांधलेले डबे माळ्यावर गेले. वीज नियमित असली की छोटं इंजिन आपोआप बंद राहतं. आमच्याकडे अजूनही पावसाच्या पहिल्या सरीला वीज जाते, आणि तासाभरात ते माळ्यावरचे डबे पुन्हा खाली येतात. म्हणून महावितरणची फांद्या छाटायची मोहीम वेळेवर झाली, तर तेही धुराविरुद्धचंच काम आहे असं मी धरतो.

आता नियम जिथे पोचतच नाहीत तिकडे वळू. आपल्याकडे बीएस हे नियम रस्त्यावरच्या वाहनांसाठी आहेत, ट्रॅक्टर आणि बांधकामाच्या यंत्रांसाठी त्याच धर्तीचे वेगळे, आणि जनरेटरसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे. खांद्यावरचा ग्रास कटर या तिन्हींत बसत नाही. साखळी-करवत बसत नाही. पालिकेचा माणूस संध्याकाळी डासांसाठी धुरळणी करत गल्लीतून जातो, ते यंत्रही नाही. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने एक हिशोब केला होता. पाला उडवणारं व्यावसायिक यंत्र एक तास चाललं, तर धुरकं तयार करणारा जेवढा वायू निघतो तेवढा एका नव्या मोटारीने सुमारे १,७७० किलोमीटर धावल्यावर निघतो. तिथे २०२१ मध्ये कायदाच झाला आणि २०२४ पासून अशी नवी पेट्रोल यंत्रं विकायला बंदी आली. जनरेटरना मात्र २०२८ पर्यंत मुदत दिली, कारण वणव्यांच्या दिवसांत तिकडेही वीज जाते. हा फरक मला शहाणपणाचा वाटतो. गवत कापायला बॅटरी पुरते. अंधारात दवाखान्याचा फ्रिज चालवायला अजून पेट्रोल लागू शकतं.

उल्हास नदीवरचं नियमाबाहेरचं खरं ओझं मात्र बागेच्या यंत्रांचं नाही. ते खाली, कल्याण-मुंब्र्याच्या खाडीत आहे. बेकायदा रेती उपसणाऱ्या बोटी. बार्जवर सक्शन पंप, त्याला बहुतेक वेळा भंगारातल्या ट्रकचं डिझेल इंजिन जोडलेलं. महसूल खात्याची माणसं छापे घालतात, गॅस कटरने बार्ज कापतात, बुडवतात, पेटवतात. काही महिन्यांनी तिथेच नवी घरघर सुरू होते. जे यंत्रच बेकायदा आहे त्याच्या धुराला कुठला नियम लावणार? त्या इंजिनाचं तेल मात्र त्याच पाण्यात उतरतं.

पाण्यातल्या इंजिनाची गोष्ट रस्त्यावरच्या इंजिनापेक्षा इथे वेगळी होते. ओबीएमचा धूर पंख्याच्या मधून पाण्याखाली सोडलेला असतो, म्हणजे न जळालेलं पेट्रोल आधी पाण्यात मिसळतं. अमेरिकेत लेक ताहो नावाच्या स्वच्छ सरोवरावर १९९९ पासून कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोक बोटींना बंदी आली ती याच काळजीने. त्या सरोवराचं पाणी लोक पितात. आपण उल्हासचं पाणी पितो. बदलापूरच्या बॅरेजवरून जीवन प्राधिकरण ते उचलतं, पुढे जांभूळ, मोहने, शहाडला उचललं जातं, आणि ते अर्ध्या ठाणे जिल्ह्याच्या नळांना येतं.

अमेरिकेने बोटींच्या इंजिनांवर १९९६ मध्ये नियम केले, १९९८ ते २००६ अशा पायऱ्यांनी ते लागू केले. हायड्रोकार्बन तीनचतुर्थांश कमी करायचा हे लक्ष्य होतं. त्याचे परिणाम शिकण्यासारखे आहेत. जपानी कंपन्या फोर-स्ट्रोककडे वळल्या. जॉन्सन आणि एव्हिनरूड ही नावं ज्या कंपनीची, तिने टू-स्ट्रोकलाच थेट इंजेक्शन बसवण्याचा मार्ग धरला. सुरुवातीच्या इंजिनांच्या तक्रारी आल्या, कंपनी आधीच डबघाईला आलेली होती, आणि डिसेंबर २००० मध्ये तिने दिवाळं काढलं. नव्या मालकाने एव्हिनरूड सुधारून चालवलं, पण २०२० मध्ये तेही बंद केलं. ग्राहकाला मात्र कमी पेट्रोल पिणारं, शांत इंजिन मिळालं. नियमाने तंत्र सुधारतं, पण घाईने आणलेलं तंत्र आधी माणसावर तपासलं जातं, हे त्यातून दिसतं.

मग जुनं कार्बोरेटरचं टू-स्ट्रोक गेलं कुठे? ते आपल्यासारख्या देशांत आलं. आफ्रिका, दक्षिण आशिया, बेटांचे देश यांच्यासाठी काही कंपन्यांनी ते बनवणं चालूच ठेवलं. केरळच्या किनाऱ्यावर हजारो मच्छीमार पेट्रोलवर सुरू करून केरोसीनवर ते चालवतात, आणि रेशनचं केरोसीन आटत गेलं तसा त्यांचा खर्च चढत गेला. आपल्याकडे कोळी बांधवांच्या मोठ्या होड्या डिझेलवर चालतात, पण पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत लहान होड्यांना ओबीएम दिसतं. जहाजांचा आंतरराष्ट्रीय नियम १३० किलोवॅटच्या वरच्या डिझेल इंजिनांचाच विचार करतो. २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला, त्याने १९१७ चा जुना कायदा मोडीत काढला, प्रदूषणाचे नियमही केले. तरी दोरी ओढून सुरू होणाऱ्या पेट्रोल इंजिनाला दुचाकीसारखी पायरीपायरीची मर्यादा आपल्याकडे अजून नाही. दरम्यान उल्हास आणि वसईची खाडी २०१६ पासून कागदावर राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ झाली आहे, आणि फेब्रुवारी २०२४ पासून तिच्या मुखाशी वसई-भाईंदर रोरो सुरू झाली. उद्या कल्याणपर्यंत बोटी येतील, तेव्हा त्यांच्या मागे कुठलं इंजिन असेल हे आजच ठरवायला हवं. केरळातच वैकमला २०१७ पासून सौरऊर्जेवरची ‘आदित्य’ चालते, कोचीची वॉटर मेट्रो २०२३ पासून बॅटरीवर. ठरावीक धक्के, ठरावीक वेळा, रात्री चार्जिंग. प्रवासी फेरीला पेट्रोल-डिझेल लागतच नाही, हे आपल्याच देशात सिद्ध झालंय.

बचावाच्या बोटीला हा न्याय लावता येत नाही. आपल्या भागाला मदत येते ती प्रामुख्याने राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या, पुण्याजवळच्या सुदुंबऱ्याच्या पाचव्या बटालियनकडून. ती पथकं ट्रकने येतात, चिखलातून बोट उचलून नेतात. त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक इंजिन जुन्या टू-स्ट्रोकपेक्षा वीस-पंचवीस किलो जड. ते कमरेएवढ्या पाण्यातून दोन माणसांनी न्यायचं. वीज गेलेली, म्हणून बॅटरी भरायची सोय नाही. पाण्यात जलपर्णी, प्लास्टिक, तारा, कुंपणं. थंड पाणी ओढणारी जाळी दर दहा मिनिटांनी साफ करायची. अशा ठिकाणी जे इंजिन उघड्यावर पान्ह्याने खोलता येतं तेच उपयोगी. आणि ते वर्षातून चालतं किती? पुराचे दोन-चार दिवस आणि सराव. त्याचा वर्षाचा धूर एखाद्या सोसायटीच्या ग्रास कटरच्या एका पावसाळ्यापेक्षा जास्त असेल असं मला वाटत नाही. म्हणून म्हणतो, नियमात तास मोजा. रोज आठ तास चालणाऱ्या छोट्या इंजिनाला आधी धरा, वर्षात दहा तास चालणाऱ्या जीवरक्षक इंजिनाला शेवटी.

त्या शेवटच्या रांगेतल्या इंजिनाला सध्या धोका आहे तो धुराच्या नियमाचा नाही, पेट्रोलचा आहे. जून २०२२ पर्यंत आपण पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याची पायरी गाठली, आता सर्वत्र २० टक्के आहे. उसाच्या शेतकऱ्याला त्यातून पैसा मिळतो, परकीय चलन वाचतं, आणि मी त्याच्या विरोधात नाही. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. रोज चालणाऱ्या मोटारसायकलची टाकी आठवड्यात रिकामी होते, तिला त्रास कमी. जे इंजिन अकरा महिने गोदामात असतं त्याच्या टाकीत पाणी आणि इथेनॉल खाली बसतं, जुन्या रबरी नळ्या फुगतात, कार्बोरेटरच्या वाटीत काकांनी दाखवला तसा थर धरतो. उपाय साधा आहे. काम संपलं की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, टाकी रिकामी करून ठेवायची, नवं पेट्रोल ऐनवेळी भरायचं. हे सांगणारा मराठी कागद प्रत्येक ओबीएम, जनरेटर आणि करवतीबरोबर मिळायला हवा. गोदामात ठेवलेल्या यंत्राची जबाबदारी कुण्या एका माणसाच्या नावावर असायला हवी.

लुना फेब्रुवारी २०२४ मध्ये परत आली, इंजिनाशिवाय, बॅटरीवर. माळ्याच्या खांद्यावरचं यंत्रही त्याच वाटेने जाईल, आणि लवकर जावो. माझ्या इमारतीतला माळी सकाळी तासभर तो निळा धूर नाकाशी घेऊन काम करतो, त्याच्या तोंडावर फक्त गमछा. सोसायटीने त्याला बॅटरीचा कटर घेऊन द्यावा असं मी सभेत मांडलंय. किंमत पाहून दोघे-तिघे कुरकुरले, पण पुढच्या सभेत पुन्हा मांडणार आहे. त्याच्या छातीत जाणाऱ्या धुराचं मोल त्या किमतीत धरलेलं नाही, हे सगळ्यांना पटवायचं आहे.

दर वर्षी मेअखेरीस पावसाळ्यापूर्वीची तयारी सुरू होते. एका पथकाचा सराव मी जवळून पाहिला. प्लास्टिकचं मोठं पिंप पाण्याने भरलेलं, त्यावर लाकडी फळी आणि फळीला अडकवलेलं ओबीएम, पंखा पाण्यात. एका पोराने चोक ओढला, दोरी ओढली. एकदा, दोनदा. पाचव्यांदा इंजिन खोकलं आणि धरलं. निळा धूर, पिंपातलं पाणी उकळल्यासारखं, आणि बाजूच्या बारीक भोकातून पाण्याची धार बाहेर. ती धार आली म्हणजे थंड करणारा पंप चालू आहे. सगळ्यांचे चेहरे सैल झाले. मी त्यांची वही मागून पाहिली. तारीख होती, किती लिटर पेट्रोल घातलं ते होतं, चाचणी घेणाऱ्याची सही होती. इंजिन किती तास चाललं, त्याचा रकाना नव्हता. मी तसं म्हटलं, तेव्हा त्या पोराने पट्टी मागितली आणि उजवीकडे एक नवी रेघ मारली.